नळीची दोन टोकं

वाजायला हवी ती बंदूक वाजली नाही, तर तिच्या तोंडाशी जाऊन कोणी बघायचं, हे तुमच्या शेतात कसं ठरतं?

घाईनं उत्तर देऊ नका. "आमच्याकडं असं काही ठरलेलं नसतं," असं म्हणायला सगळ्यांनाच आवडतं. आमच्याही गावात काही ठरलेलं नव्हतं. कोणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी माझा बाप बरोबर तोंडाशी उभा होता आणि मालक बरोबर मागच्या टोकाला. हे कसं झालं, याचा विचार मी दोन हिवाळे करते आहे.

आता पुन्हा हरभरा आला आहे. शनिवारी जालन्याहून एसटीनं मंठ्याकडं निघाले की दिवस कलताना खिडकीतून तो वास आत येतो. आंबट, हिरवा, थोडा लोखंडासारखा. दोन्ही बाजूंनी शेतं काळसर होत जातात आणि मग आवाज सुरू होतात. एक इकडून, एक तिकडून. डुकरं हाकलायच्या, रोही म्हणजे नीलगायी हाकलायच्या घरगुती बंदुका. गाडीतली माणसं दचकतात आणि मग दचकल्याची लाज वाटून हसतात. परवा शेजारची बाई म्हणाली, "दिवाळी सरंना बाई यांची." मीही हसले. माझा उजवा डोळा मात्र प्रत्येक आवाजाला आपोआप मिटतो. माझ्या डोळ्याला काहीही झालेलं नाही. तो फक्त त्या दिवशी तिथं हजर होता.

हरभरा हे दिसायला लाजाळू पीक. गुडघ्याच्या वर जात नाही, फूल एवढंसं, पान एवढंसं. पण त्याच्यात अनवाणी शिरून बघा. पहाटे त्याच्या पानांवर जे पाणी धरतं त्याला आम्ही आंब म्हणतो. भेगाळलेल्या पायांना ती लागली की माणूस एका पायावर नाचायला लागतो. चपलेचा रंग जातो. माय उजाडायच्या आधी पांढरं फडकं हरभऱ्यावरून ओढायची आणि बाटलीत पिळायची. पोट दुखलं की तेच औषध. तेच बोट चुकून डोळ्याला लागलं की तासभर डोळा उघडायचा नाही. लहानपणी मी रडत घरात आले की आप्पा म्हणायचे, "रडू नको. डोळ्यातली आंब डोळ्यातल्या पाण्यानंच जाती." हे ते खरंच मानायचे. माझ्या बापाचा डोळ्यांवर फार विश्वास होता. खरं तर एकाच डोळ्यावर.

आप्पांचं नाव कचरू. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आजीनं असं नाव ठेवलं, की मरणालाही उचलावंसं वाटू नये. मूल जगलं. पण लहानपणी गोवरानं डाव्या डोळ्यात फूल पडलं आणि त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. उजव्या डोळ्यानं मात्र त्यांनी दोन माणसांचं बघून घेतलं. ते वाचायला शिकले. शाळेत थोडं, बाकीचं पत्रकांवर. जयंतीच्या मिरवणुकीत वाटलेली, सभेत खुर्चीखाली पडलेली, बसस्टँडवर चिकटवलेली आणि पावसानं सुटलेली पत्रकं ते गोळा करून आणायचे. पातळ पुस्तिका विकत घ्यायचे. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगलेलं असायचं. आमच्या घरात धान्याला उंदीर लागले, पण कागदाला कधी लागू दिले नाहीत.

संध्याकाळी जेवणाआधी ते कागद उजव्या डोळ्याजवळ धरून मोठ्यानं वाचायचे. हळू वाचणं त्यांना जमायचंच नाही. "बंधू आणि भगिनींनो" असं सुरू झालं की मला वाटायचं, हे लिहिणाऱ्याला माझ्याबद्दल आणि माझ्या भावाबद्दल माहिती आहे. त्या वाचनावर मी वाढले. आज जालन्यात, जुन्या जालन्यातल्या एका छापखान्यात, मी लग्नपत्रिका आणि पत्रकं जुळवायचं काम करते, ते त्यामुळंच. आणि माझं डोकं लवकर तापतं तेही त्यामुळंच. मी गोष्टी ऐकत झोपले नाही, मागण्या ऐकत झोपले.

हिवाळ्यात आप्पांचं काम म्हणजे नळ्या. मालकाच्या, म्हणजे राजाभाऊंच्या, शेतावर स्प्रिंकलरचा मोठा संच होता. वर्षभर त्या काळ्या लांब नळ्या बांधावर एकावर एक पडून राहायच्या. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की त्यांच्यात काय काय राहायला आलं आहे ते बघावं लागायचं. बेडूक, उंदराचं घर, गांधिलमाशीनं केलेली मातीची भांडी. हे बघायला दोन माणसं लागतात. एक जण नळी उचलून एका टोकाला डोळा लावतो. दुसरा पलीकडच्या टोकाला तळहात झाकतो आणि काढतो, झाकतो आणि काढतो, आणि ओरडतो, "दिसलं का?" आतून उजेडाचं गोल नाणं चमकलं की डोळेवाला ओरडतो, "दिसलं!" नळी चांगली. नाही दिसलं तर काठी.

आमच्या भागात सगळे असंच करतात. यात काही विशेष नाही. विशेष एवढंच की मी पाहिलं त्या सगळ्या वर्षांत डोळा आप्पांचा असायचा आणि तळहात मालकाचा. मला वाटायचं, आप्पांचा डोळा तेज आहे म्हणून. आप्पांनाही तसंच वाटायचं. "नळीतून बघितलं की नको ते दिसत न्हाई," असं ते म्हणायचे. एकदा नळीतून उंदीर सुटला तो थेट त्यांच्या तोंडावर. राजाभाऊंचे वडील तेव्हा हयात होते. पोट धरून हसत म्हणाले, "कचऱ्या, तुझ्यापरीस उंदीर शहाणा रे, उजेडाकडं तरी पळतो." सगळे हसले. आप्पाही हसले. घरी येऊन त्यांनी तो विनोद मायला सांगितला आणि मायही हसली. मी लहान होते, पण मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. पत्रकं ऐकून वाढलेल्या मुलांना विनोद उशिरा कळतात आणि कळले की पुन्हा विसरता येत नाहीत.

राजाभाऊ वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगते, कारण वाईट माणूस असता तर हे लिहायला मला सोपं गेलं असतं. तो इंजिनिअरिंगला दोन वर्षं जाऊन परत आलेला, माझ्याहून थोडा मोठा, फोनवर बघून काहीही तयार करणारा. कडब्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंगचं मशिन होतं. जालन्याच्या भंगारात लोखंडाला काय तोटा? त्या हिवाळ्यात रानडुकरांनी हरभरा उकरायला सुरुवात केली, रोह्यांचे कळप घाटे ओरबाडायला लागले, आणि त्यानं बंदूक तयार करायला घेतली. गॅसच्या दणक्यावर चालणारी. एक मोठी नळी, खाली गॅसचा डबा, डब्यातून मोठ्या नळीत जाणारी एक बारकी नळी, आणि मागच्या टोकाला शेगडी पेटवायचा लायटर. आवाज व्हायचा, बाकी काही सुटायचं नाही. गावाला तीच करमणूक होती. ज्याला बघावं तो शेडमध्ये.

आणि ती वाजेना. बारकी नळी सरळ बसत नव्हती. जोड दिला की वाकडी, वाकवली की जोड सुटायचा. राजाभाऊनं हातोडीनं ठोकलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, साबणाचं पाणी लावून फुगे कुठं येतात ते बघितलं. फुगे सगळीकडूनच आले. त्याचा एक मित्र पहिला बार फोनवर घ्यायला रोज यायचा आणि रोज तसाच परत जायचा. जाताना म्हणायचा, "राज्या, तुझी इंजिनिअरिंग पण अशीच वाकडी गेल्ती." राजाभाऊ चिडायचा. मग परत ठोकायचा. त्या ठोकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. बंदुकीच्या आवाजाहून तो जास्त येतो. सरळ होत नाही, सरळ होत नाही, असा.

तो रविवार होता. मी सुट्टीला आल्ते. माय आणि मी बांधाच्या कडेनं हरभऱ्याची भाजी खुडत होतो. कोवळे शेंडे, नखांत आंबट पाणी. आप्पा नळ्या रचून हात झटकत उभे. शेडसमोर राजाभाऊ, त्याच्या कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवलेला, आणि मित्र फोन धरून.

"बारकी नळी आत बराबर उघडून राह्यली का न्हाई, तेच कळंना," राजाभाऊ म्हणाला.

"आणा इकडं," आप्पा म्हणाले. "नळी म्हणल्यावर माझं काम. मी बघतो."

"बघ कचरू, तुझ्या डोळ्याला दिसंल."

"काका, स्माइल द्या," फोनवाला म्हणाला.

आप्पांनी बंदूक धरली, जशी स्प्रिंकलरची नळी धरतात तशी. मावळतीकडं पाठ केली, आत उजेड पडावा म्हणून. डावा डोळा मिटला. तो डोळा मिटायची त्यांना काही गरज नव्हती, पण सवय होती. उजवा लावला. मागचं टोक राजाभाऊच्या हातात. आणि त्याच्या हाताला इतक्या हिवाळ्यांची सवय. तिथं झाकायला आणि काढायला काही नव्हतं. उजेड दाखवायचा तर लायटरच होता.

टक्.

"दिसलं का?"

"न्हाई. परत करा."

हे दोन शब्द माझ्या बापाचे आहेत. परत करा. ते मी बदलू शकत नाही. फोनमध्येही तसेच आहेत.

टक्.

मोठा आवाज झाला नाही. भप्प असं काहीतरी. भाकरी फुगून फुटावी तसं. मित्र हसला, कारण बंदूक एकदाची वाजली होती. राजाभाऊनं "अरे वाजली!" म्हणून हात वर केला. मग आप्पा खाली बसलेले दिसले. पडले नव्हते. बसले होते, उकिडवे, जेवायला बसतात तसे, दोन्ही हात तोंडावर. मायनं ओटीतली भाजी सोडली आणि पळाली. हरभऱ्याचं शेत तुडवत पळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मालकाचं उभं पीक तुडवलं आणि कोणी काही बोललं नाही.

राजाभाऊनंच गाडी काढली. जल्दी काढली, हे कबूल केलं पाहिजे. दार उघडलं, आणि मग क्षणभर थांबून मागच्या सीटवर खताचं रिकामं पोतं पसरलं. मग म्हणाला, "बसवा." तो रडत होता. पण पोतं पसरायला त्याचे हात विसरले नाहीत. सगळ्या रस्ताभर मी त्या पोत्याकडं बघत होते. आप्पांनी एकदाच विचारलं, "भाजी राह्यली का तिथंच?" माय म्हणाली, "राहू द्या की." ते म्हणाले, "सुकंल ना."

जालन्यातल्या डॉक्टरांनी डोळा धुतला, पुन्हा धुतला, दिवा लावून बघितला. कागदावर लिहीत म्हणाले, "उजव्याचं अवघड आहे. ठीक आहे, डावा आहे अजून. डाव्यानं किती बोटं दिसतात सांगा बरं."

"डावा तर आधीच गेल्ता साहेब," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. राजाभाऊ भिंतीला टेकला. मला वाटतं, त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या डोळ्यानं त्याच्या घरानं नळ्या तपासल्या, त्याला तो एकच डोळा होता, हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत कशाला असावं? दुसरा डोळा कधी लागलाच नव्हता.

त्यानं दवाखान्याचा सगळा खर्चा केला. पिशव्या भरून मोसंब्या आणल्या. आणि त्या दिवसापासून तो आप्पांना "कचरूमामा" म्हणायला लागला. आणि "तुम्ही". तोवर "ए कचरू" होतं. त्याच्या वडिलांचं "कचऱ्या" होतं. माझा बाप पन्नाशीला आला, तोपर्यंत ज्या घरानं त्याला अहो म्हटलं नव्हतं, त्या घराचा आदर एका डोळ्याच्या किमतीत मिळाला. घासाघीस झाली नाही.

पुढं पट्टी बदलायला आम्ही जुन्या जालन्यात रिक्षानं जायचो. कापडाच्या दुकानांची ती अरुंद गल्ली, गर्दी, हॉर्न. एकदा रिक्षा अडकली. शेजारी दुसरी रिक्षा. तिचा चालक फोन बघत हसत होता. फोनमधून आवाज आला, "दिसलं का?" मग "न्हाई. परत करा." मग ते भप्प. आणि त्याच्यावर कोणीतरी चढवलेलं हसण्याचं पार्श्वसंगीत. आप्पांनी मान वळवली. पट्टीखालून आवाज ओळखला. आपलाच होता.

"हे मी हाय," ते त्या दिशेला म्हणाले.

चालकानं पट्टी बघितली, फोन बघितला. त्याचं तोंड पडलं नाही. तो खूश झाला. "काका, तुम्हीच का!" म्हणाला. "लई फेमस झाले बघा." मग फोन वळवून त्यानं आप्पांचा नवा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मी रिक्षातून उतरून त्याच्या फोनवर हात मारला. भांडण झालं. आप्पा आतून ओरडत होते, "जाऊ दे, पट्टीची वेळ चाललीय."

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. आमच्याच छापखान्यात जुळवलं. मोठ्या अक्षरात, "आमच्या बापाचा डोळा कोणी घेतला?" मजकुरात लिहिलं, मालकानं गड्याला बंदुकीच्या तोंडात बघायला सांगितलं. घरी आणून आप्पांना वाचून दाखवलं. आता वाचणारी मी होते आणि ऐकणारे ते. ते भिंतीला टेकून बसले होते, वर आढ्याला पिशवी टांगलेली होती.

"कुठं सांगितलं त्यानं?" ते म्हणाले. "मीच म्हणलो, आणा इकडं."

"आप्पा, सांगणं काय तोंडानंच असतं? तुम्ही म्हणला नसता तर तो स्वतः बघणार होता का?"

"ते मला माहीत न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई, एवढं माहीत हाय."

"मग लिहू काय?"

"झालं ते लिही. मी तुला इतकं वाचून दाखवलं, कधी पदरचं घातलं का एक अक्षर? पत्रकात खोटं गेलं तर बाकीचं खरं बी कोणी वाचत न्हाई."

माय चुलीजवळून म्हणाली, "बाप आंधळा झाला तरी मुलीच्या चुका काढायच्या थांबंना."

मी वाक्य बदललं. नवं वाक्य असं होतं: "त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं." मला ते जुन्यापेक्षा भयंकर वाटलं. अजूनही वाटतं. सांगावं लागणं ही सुद्धा एक पायरी असते. माणूस निदान नाही म्हणू शकतो. जिथं सांगावंच लागत नाही, तिथं नाही कुणाला म्हणायचं? मला वाटलं, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

मंठ्याच्या बाजारात पत्रकं वाटली. चार दिवसांनी राजाभाऊ आमच्या घरी आला, हातात पत्रक, घडी नीट घातलेली.

"ताई, बराबर लिवलं तुम्ही," तो म्हणाला. "बिलकुल बराबर. कोणी सांगितलं न्हाई. तेच तर मी सगळ्यांला बोलून राह्यलो."

त्यानं ते पोलिस पाटलाला दाखवलं. गावात दाखवलं. पाहुण्यांना दाखवलं. खुद्द कचरूच्या मुलीनं छापून दिलंय, कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वाक्यावर तो सुटला. कशातून सुटला तेही नीट सांगता येत नाही, कारण तसा तो कशात अडकलाच नव्हता. पण त्याला रात्री झोप लागत नव्हती, ती लागायला लागली. त्याच्या आईनं मायला सांगितलं, कौतुकानं.

मग ते वर्ष गेलं. आप्पा घरात बसून राहिले. दाराकडं तोंड करून, कारण डाव्या डोळ्याला दाराचा उजेड कळतो. कोणी आत आलं की उजेड झाकतो, बाहेर गेलं की उघडतो. मी त्यांना पत्रकं वाचून दाखवायचे. ते ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "जरा मोठ्यानं." मी ओरडून वाचायचे. ते म्हणायचे, "आवाज न्हाई गं. अक्षर मोठं."

या वर्षी हरभरा पेरला आणि राजाभाऊ पुन्हा घरी आला. बंदूक त्यानं जालन्याच्या एका वेल्डरकडून नीट करून आणली होती. बारकी नळी आता सरळ आहे. खंडेनवमीला तिची पूजाही झाली, अवजारांच्या ओळीत, हळदकुंकू लावून. झेंडूचा गोंडा अजून तिला बांधलेला आहे, वाळलेला. राजाभाऊ म्हणाला, "कचरूमामा, नुस्तं बसून काय करता? दिवस कलला की बांधावर बसायचं अन् वाजवायची. डोळ्याचं काम न्हाई त्यात."

डोळ्याचं काम न्हाई त्यात. हे वाक्य तो माझ्या बापाच्या तोंडावर बोलला. मायेनं बोलला. आणि आप्पा हो म्हणाले.

मला हे परवाच्या शनिवारी एसटीतून उतरल्यावर कळलं. मी घरी न जाता सरळ शेतात गेले. आभाळ अजून लालसर होतं. आप्पा खाटेवर बसलेले, बंदूक बांधावर टेकवलेली, तोंड शेताकडं. समोर अर्ध्या वावरावर डुकरं होती. चांगली सात-आठ, पिलं धरून. आप्पांनी टक् केलं, बार झाला, माझा उजवा डोळा मिटला, उघडला. डुकरांनी मानही वर केली नव्हती. त्यांना केव्हाच सवय झाली होती. ती हरभरा उकरत होती, शांतपणे.

"आप्पा, डुकरं समोर चरून राह्यलीत. कशाला वाजवता?"

"चरू दे."

"मग बसला कशाला इथं? जिनं डोळा घेतला तिच्याच शेजारी? लाज न्हाई वाटत?"

ते म्हणाले, "भडका दिसतो गं."

"काय?"

"बार झाला की तोंडाशी भडका होतो. डाव्या डोळ्याला दिसतो. पिवळा. दिवसभर नुस्तं धुकं धुकं असतं. तेवढं एकच बराबर दिसतं मला." आणि त्यांनी पुन्हा टक् केलं, आणि त्या पांढऱ्या डोळ्यावर तो उजेड पडलेला मी पाहिला. ते हसले. पत्रकातली चांगली ओळ सापडल्यावर हसायचे तसं.

एखादी दयाळू मुलगी असती तर तिथून निघून आली असती. मी वाढले ते दयेवर नाही. मी त्यांच्या हातातून बंदूक घेतली. आतला गॅस निघून जावा म्हणून तिला थोडा वेळ वाऱ्यावर पडू दिलं. अंधार पडायच्या आत मागच्या बाजूनं तिचा लायटर उपटला आणि विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"माझा उजेड टाकला तू," ते म्हणाले.

मी म्हणाले, "हो."

घरापर्यंत मी त्यांना हात धरून आणलं. त्यांनी हात सोडवला नाही, पण बोललेही नाहीत. अजून बोलत नाहीत. मायच्या फोनवर मी असले की तिला म्हणतात, "पाणी दे." बस.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊनं नवा लायटर बसवला. किराणा दुकानात मिळतो. आप्पा संध्याकाळी पुन्हा बांधावर. डुकरं समोर. मी पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे आणि पुन्हा उपटणार आहे, आणि तो पुन्हा बसवणार आहे, हरभरा निघेपर्यंत. यात मी हरणार हे मला दिसतं आहे. मला दोन्ही डोळे आहेत.

म्हणून हे तुमच्यापर्यंत आणलं. तुमच्या शेतात, शेडमध्ये, माळ्यावर अशी एखादी घरी केलेली बंदूक असेल. न वाजणारी असेल तर जास्तच. आज तिला हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा आणि आतला गॅस वाऱ्यानं जाऊ द्या. उद्या उजेडात जा. तोंडाकडून नाही, मागून जा. तिचा लायटर उपटून टाका. गड्याला पाठवू नका, भाच्याला पाठवू नका, "जरा बघ रे" असं म्हणून कुणाकडं नुसतं बघूही नका. आमच्याकडं तेवढ्यावरच काम झालं होतं. तुम्ही स्वतः जा, स्वतःच्या हातानं उपटा.